होडी मागं बसते, एका कुशीवर कलते: भार कुठं चुकतोय ते शोधायचं कसं

तक्रारी फिरून फिरून त्याच येतात. इंजिन टांगलं की मागची फळी पाण्याला टेकायला बघते. एक काठ कायम खाली. मासळी भरली की सुकाणू ऐकत नाही. आडवा वारा लागला की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, भलतीकडंच वळते. मिस्त्रीकडं नेलं तर तो मागची फळी उंच करून देतो, नाहीतर इंजिन बदला म्हणतो. दोन्हीत पैसा जातो आणि बहुतेक वेळा दुखणं जागेवरच राहतं, कारण होडीचा साचा चुकलेला नसतो, भाराची जागा चुकलेली असते.

बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. कडबा मागं जास्त पडला की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून उचलतं. पुढं जास्त पडला की बैलांच्या माना वाकतात. गाडी एका आसावर तोललेली असते, म्हणून चूक गावाबाहेर पडायच्या आधीच कळते. होडी सगळ्या अंगानं पाण्यावर टेकलेली असते. ती चूक पोटात घेते आणि वारा सुटेपर्यंत गप्प राहते.

खालचे आकडे १७-१८ फूट लांब, ५ फूट रुंद, फायबरच्या उघड्या होडीचे आहेत: ८ ते १० हॉर्सपॉवरचं मागं टांगायचं इंजिन, तीन माणसं, जाळी आणि बर्फाची पेटी. पैठणच्या नाथसागरावर, येलदरीला किंवा माजलगावच्या धरणात चालणाऱ्या होड्यांचं माप साधारण याच्या आसपास धरायला हरकत नाही. तुमची लहान-मोठी असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच. थर्मोकोलच्या चप्पूला, म्हणजे तराफ्याला, यातलं फारसं लागू नाही. त्याला काठच नसतो, त्याचं गणित वेगळं. नाथसागर हे पक्षी अभयारण्यही आहे, तेव्हा इंजिनाचा आणि मासेमारीचा परवाना आधी बघून घ्या.

आधी उभ्या होडीत मोजा

चालत्या होडीकडं बघून निदान करू नका. वेगात होडी मागं बसते ती वेगळ्या कारणानं, उभी असताना बसते ती वेगळ्या. दोन्ही एकत्र बघितलं की गोंधळ ठरलेला.

पहाटे, वारा पडलेला असताना, होडी कमरेएवढ्या पाण्यात आणा. तळातलं पाणी पूर्ण काढा, फडक्यानं टिपून घ्या. मग स्टीलच्या टेपनं काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर चार ठिकाणी मोजा: नाळेपाशी, मागच्या फळीपाशी, आणि मध्यावर डावीकडं व उजवीकडं. हे तीनदा करा. एकदा रिकाम्या होडीत, इंजिन उतरवून. दुसऱ्यांदा इंजिन, भरलेली टाकी आणि बॅटरी ठेवून, माणसांशिवाय. तिसऱ्यांदा रोजची माणसं रोजच्या जागी बसवून, रोजचं सामान भरून. टेप धरणारा माणूस पाण्यात उभा हवा. तो होडीत असला तर मोजमापात त्याचंच वजन येतं.

बारा आकडे होतात. काठाच्या आतल्या अंगाला ऑइलपेंटनं लिहून ठेवा, वही हरवते. रिकाम्या होडीच्या वेळी पाणी जिथं टेकलं तिथं बाहेरून नाळेवर आणि मागच्या फळीवर बोटभर रेघही मारून ठेवा. या रेघेचं काम पुढं आहे.

आकडे वाचायला एक हिशेब लागतो. पाण्याला टेकलेली लांबी आणि रुंदी मीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, त्याला ०.७५ नं गुणा, मग १० नं. ४.८ गुणिले १.५ गुणिले ०.७५ म्हणजे ५.४, दहापट केली की ५४. म्हणजे ही होडी एक सेंटिमीटर खाली बसायला सुमारे ५४ किलो लागतात. अंदाजच आहे, पण निदानाला पुरतो.

रिकामी होडीच वाकडी तरंगत असेल तर दोष होडीच्या अंगात आहे. खाली पाण्याबद्दल लिहिलंय तिथं सरळ जा. रिकामी सरळ आणि इंजिन-बॅटरी ठेवल्यावर वाकडी, तर दोष सामान बसवण्यात. माणसं बसल्यावरच बिघडत असेल तर पैसा खर्च करायची गरजच नाही.

समुद्रावरून आणलेली होडी धरणात जास्त बुडते, असंही कुणी सांगेल. खरं आहे, पण किती ते बघा. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. भरलेली होडी ८०० किलोची असेल तर गोड्या पाण्यात तिला सुमारे २० लिटर पाणी जास्त सारावं लागतं, म्हणजे ती चार मिलिमीटर खाली बसते. तुमची मागची फळी पाच सेंटिमीटर खाली असेल तर मालवणच्या नाहीतर रत्नागिरीच्या कारागिराला बोल लावू नका.

मागं बसते

मागच्या चार फुटांत काय काय आहे त्याची बेरीज करा. इंजिन २५ ते ४५ किलो, दोन स्ट्रोक की चार स्ट्रोक त्यावर. चालवणारा ६५. पेट्रोलची २४ लिटरची टाकी भरली की १८ किलो पेट्रोल, वर टाकीचं वजन. दिव्याला आणि पंपाला बॅटरी असेल तर २० ते २८. दीडशे किलो असेच होतात, आणि पुढं नाळेत काय? नांगर आणि दोरी. फार तर दहा किलो.

इंजिन हलवता येत नाही, बाकी सगळं येतं. सगळ्यात आधी टाकी आणि बॅटरी मधल्या पाटाखाली आणा. टाकी पुढं सरकवली की नळी लांब लागते. ती पेट्रोलचीच घ्या, शेतातल्या फवारणीची नळी पेट्रोलनं फुगते आणि आतून सुटते. पाटाला क्लिप मारून ती पायाखाली येणार नाही अशी ओढा, कुठं मुडपू देऊ नका. बॅटरी पेटीत, पट्ट्यानं बांधलेली. सुटी बॅटरी घसरून कलत्या बाजूला जाते आणि कल वाढवते.

मग चालवणारा माणूस. खरा फरक इथं पडतो. ६० किलोचा माणूस मागच्या पाटावरून दीड मीटर पुढं आला की अशा होडीचा पुढचा-मागचा तोल सुमारे पाच सेंटिमीटरनं फिरतो: मागची फळी अडीच वर, नाळ अडीच खाली. इंजिनाच्या हातदांड्याला दोन-अडीच फुटांची नळी जोडून मधल्या पाटावर बसता येतं. साधी पीव्हीसी नळी चालते, पण ती दांड्यावर क्लॅम्पनं आवळा, नाहीतर नळी फिरते आणि थ्रॉटल जागेवरच राहतं. इंजिन बंद करायची दोरी मात्र त्या लांबीला पुरेल अशी घ्या आणि मनगटाला बांधा. लांब दांडा घेऊन ही दोरी सोडून देणाऱ्यानं मागं बसलेलंच बरं.

बर्फाची पेटी मध्यापासून जरा पुढं. पन्नास किलो बर्फ वितळला म्हणून होडी हलकी होत नाही. पाणी पेटीत राहिलं तर वजन तेवढंच, वर ते हिंदकळायला लागतं. पेटीच्या बुचातून पाणी काढत राहा, पण होडीच्या तळात नाही, बाहेर.

सगळा भार चढल्यावर होडी सपाट, किंवा मागं दोन-तीन सेंटिमीटर खाली, अशी उभी राहिली पाहिजे. अगदी सपाट करण्याच्या नादात नाळ खाली गेली तर ते जास्त वाईट. पाठीवरच्या लाटेत खाली वाकलेली नाळ पाण्यात रुतते, मागचं अंग बाजूला फिरतं आणि होडी लाटेला आडवी होते. मागं जास्त बसलेल्या होडीत उलटं: नाळ उचललेली असल्यामुळं वारा तिलाच पकडतो. सर्वात खालच्या ठिकाणी काठ पाण्यापासून फूटभर तरी वर हवा. बहुतेक होड्यांत हे ठिकाण म्हणजे इंजिनासाठी कापलेली मागची खाच, आणि मोजताना नेमकी तीच विसरते.

आता चालत्या होडीचं. उभी सपाट, पण इंजिनाचा जोर वाढवला की मागं बसते, असं असेल तर दोन गोष्टी तपासा. पहिली, तुम्ही तिच्याकडं भलता वेग मागताय का. गोल बुडाची, भरलेली होडी पाण्यात जेवढी लांब तेवढाच तिचा वेग. पाण्यातली लांबी १६ फूट असेल तर ताशी साधारण १० किलोमीटर. त्यापुढं ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते, मागचं अंग खड्ड्यात जातं, पेट्रोल दुप्पट जळतं आणि वेग काही वाढत नाही. हा दोष नाही. थ्रॉटल कमी करा.

दुसरी गोष्ट इंजिनाची खुंटी. इंजिन फळीला अडकवणाऱ्या कंसात चार-पाच भोकं असतात, त्यांतल्या एकात आडवी पिन असते. नाळ फार उचलत असेल तर पिन एक भोक फळीच्या जवळ घ्या. नाळ रुतत असेल, दांडा जड लागत असेल, तर एक भोक बाहेर. नाळ घोड्यासारखी वरखाली उडत असेल तर पिन आत घ्या किंवा भार पुढं करा. एका वेळी एकच भोक, आणि सामान न हलवता. दोन्ही एकदम बदललं की फरक कशानं पडला ते कळत नाही. पंख्याच्या वरची आडवी पट्टी होडीच्या तळाच्या पातळीत किंवा त्याखाली इंचभर हवी. ती वर राहिली तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं, होडी जागची हलत नाही. आणि लोक पंखा बदलतात. १५ इंच उंचीच्या फळीला आखूड शाफ्टचं, २० इंच उंचीच्या फळीला लांब शाफ्टचं इंजिन लागतं. जुनं इंजिन विकत घेताना हे मोजायचं राहून जातं.

एका कुशीवर कलते

मधल्या पाटावर गवंड्याचा ओळंबा टांगा, एक मीटर दोरीचा. खाली फळीवर मध्यरेघ मारा. ओळंबा रेघेपासून १७ मिलिमीटर सरकला की होडी एक अंश कललीये. डोळ्याला दोन अंश सहसा कळतही नाहीत, ओळंब्याला कळतात.

भरलेल्या होडीत २० किलो मध्यरेघेपासून दोन फूट बाजूला ठेवले की साधारण एक-सव्वा अंश कल पडतो. दोन्ही काठांत तीन सेंटिमीटरचा फरक. ६० किलोचा माणूस दीड फूट सरकला की सात-आठ सेंटिमीटर. बॅटरी एका कुशीला, नांगर त्याच कुशीला, टाकीही तिथंच आणि दांडा धरायला सोयीचं म्हणून चालवणाराही तिकडंच, हे बघायला मिळतं. प्रत्येक गोष्ट एकेकटी किरकोळ. उपायाला वजन वाढवायचं नसतं, वाटायचं असतं: चालवणारा उजवीकडं असेल तर बॅटरी आणि नांगर डावीकडं.

उभी सरळ आणि चालताना एकीकडं ओढते, हा भाराचा दोष नाही. काही इंजिनांना त्या आडव्या पट्टीखाली एक छोटा पंखासारखा तुकडा असतो. होडी उजवीकडं ओढत असेल तर तो सैल करून त्याचं मागचं टोक थोडं उजवीकडं वळवा, डावीकडं ओढत असेल तर डावीकडं. तुकडा नसेल तर इंजिन फळीच्या बरोबर मध्यावर आहे का बघा. बोटभर सरकलेलं असतं.

तळातलं पाणी

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे नको. तळात दोन इंच पाणी असलं तर ‘चपला भिजतात’ म्हणून सोडून दिलं जातं. साडेतीन मीटर लांब, सव्वा मीटरच्या आसपास रुंद अशा तळात ५ सेंटिमीटर पाणी म्हणजे २०० लिटर. दोनशे किलो. तीन माणसं जास्त बसवल्यासारखं. पण ही माणसं एका जागी बसत नाहीत. होडी जिकडं कलते तिकडं सगळी धावतात, आणि होडी सावरायच्या ऐवजी तिला त्याच बाजूला दाबतात. अशा होडीची सावरायची ताकद या दोन इंच पाण्यानं निम्म्याहून जास्त कमी होते. काठ अजून चांगला वर दिसत असतो, म्हणून फसगत.

तळाच्या मधोमध लांबीला एक उभी फळी घालून दोन कप्पे केले तर पाणी तेवढंच राहिलं तरी हा धोका चौथ्या हिश्श्यावर येतो. आडव्या फळ्यांनी हे होत नाही. त्या पाणी पुढं-मागं धावू देत नाहीत एवढंच. उभ्या फळीला बुडाशी भोक ठेवाल तर ते बोट जाईल एवढंच, आणि पाणी उपसायचा डबा दोन्ही कप्प्यांत बुडेल एवढी जागा.

आता ती रंगवलेली रेघ. दर पावसाळ्यानंतर होडी रिकामी, कोरडी करून पाण्यात सोडा. रेघ दोन सेंटिमीटर पाण्याखाली गेली असेल तर होडीच्या अंगात १०० किलो कुठून तरी आलेत. दुहेरी तळाच्या होडीत ते दोन थरांमधल्या फोममध्ये मुरलेलं पाणी असतं. स्क्रू मारलेल्या जागा, इंजिनाचे बोल्ट, पाटांचे सांधे इथून ते जातं आणि बाहेर यायला वाट नसते. होडी उलटी करून मागच्या टोकाला तळाच्या आतल्या थराला एक बारीक भोक पाडा. पाणी ठिबकलं तर निदान झालं. उन्हाळ्यात दीड-दोन महिने सावलीत, मागचं टोक खाली ठेवून वाळवा, मग भोकाला बूच बसवा, बुजवू नका. फोम भिजलेल्या लादीसारखा झाला असेल तर वाळत नाही, तो काढावाच लागतो. एकाच कुशीचा फोम भिजला की रिकामी होडी कायम त्या कुशीवर कलते. कुठल्याही सामानानं न सुटणारा कल असेल तर तिथं बघा.

जाळं ओढताना

जाळं ओढताना दोघं एकाच काठावर वाकतात, आणि जाळ्याचा ताण तिसऱ्या माणसासारखा त्याच काठावर पडतो. ताण ३० किलोचा असेल तर ते ३० किलो थेट काठावर ठेवल्यासारखेच. जाळं मध्यावरून नाही, नाळेच्या बाजूनं ओढा. होडीचं तोंड जाळ्याकडं राहतं, लाट नाळेवर येते. एकानं ओढायचं, एकानं समोरच्या कुशीला बसून जाळं घ्यायचं, बसूनच. ओलं जाळं पायाशी ढीग न करता मध्यरेघेवर लांबट पसरा. मासळीचंही तेच: कटला-रोहूच्या पेट्या मध्यरेघेवर, दोन आडव्या फळ्यांच्या मध्ये अडकवलेल्या. सुटी मासळी तळात सोडली की ती पाण्यासारखीच वाहते.

दगड टाकून तोल साधायचा का

कोकणात तोलासाठी टाकलेल्या भाराला नीरम म्हणतात. मोठ्या शिडाच्या जहाजाला तो लागतो. उघड्या होडीत दगड किंवा वाळूची पोती टाकणं म्हणजे ती भरली की तळाला नेण्याची सोय. नाळ हलकीच राहत असेल आणि सामान वाटूनही जमत नसेल तर २० लिटरचे पाण्याचे जार वापरा, नाळेकडं दोन, मध्यरेघेवर, बांधलेले. होडीत असताना त्यांचं वजन २० किलो. होडी पाण्यानं भरली की पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं, ते तिला खाली ओढत नाहीत. जार काठोकाठ भरा. चाचणीलाही हेच बरं: एक जार फूटभर हलवा, काठ मोजा, पुन्हा हलवा. जागा सापडली की तिथं बॅटरीसारखं उपयोगाचं काहीतरी बसवा आणि जार घरी न्या.

शीड लावणाऱ्यांपुरतं थोडक्यात. वाऱ्यात होडी कलली की ती आपोआप वाऱ्याच्या तोंडाकडं वळते आणि सुकाणू ओढून धरावं लागतं. नाळ खाली असेल तर ही ओढ वाढते, म्हणून जोराच्या वाऱ्यात माणसं वाऱ्याच्या कुशीला आणि थोडी मागं. हिवाळ्यातल्या मंद वाऱ्यात उलट: थोडं पुढं, आणि वाऱ्याच्या विरुद्ध कुशीला इतकंच की शीड स्वतःच्या वजनानं पोट धरेल.

भरलीच तर तरंगते का

फायबर पाण्यापेक्षा जड असतं. २५० किलोची होडी पाण्यानं भरली की पाण्यात तिचं ९० किलोच्या आसपास वजन उरतं, वर इंजिनाचे तीस-पस्तीस. म्हणजे माणसांना धरायला काही उरावं असं वाटत असेल तर सव्वाशे लिटरच्या बऱ्याच पुढं बंद हवा किंवा फोम हवा. तो सगळा तळात असला तर भरलेली होडी उलटी होऊन तरंगते, पोट वर. हवा काठांखाली, दोन्ही कुशींना, उंचावर हवी. घट्ट झाकणाचे रिकामे २० लिटरचे कॅन पाटांखाली काठालगत पट्ट्यांनी बांधा. झाकणाला टेप आणि तोंड वर. दोरी नको, सैल पडते.

तपासायचं तर इंजिन, बॅटरी, टाकी उतरवा, इंजिनाच्या जागी त्याच्याच वजनाचा दगड बांधा, आणि कमरेएवढ्या पाण्यात होडी बादल्यांनी काठोकाठ भरा. पाच मिनिटं बघा. जे टोक आधी खाली जातं, पुढचे दोन कॅन तिथं.